पटावरचा जैतू

शर्टाचं वरून तिसरं बटण निळं होतं. बाकीची सगळी पांढरी आणि हे एकटंच निळं, काळ्या दोऱ्यानं टाचलेलं, चार भोकांतल्या दोनच भोकांतून दोरा ओढलेला — कुणाच्या तरी आईनं घाईघाईत लावलं असणार, पोरगा दारात उभा, एस्टीची वेळ झालेली... जैतू मघापासून त्या बटणाकडेच बघत बसला होता, कारण मान वर करून दुसरीकडे कुठंही बघितलं की त्याला मळमळत होतं. समोर फळ्यावर रंगीत खडूनं वेलबुट्टी काढलेली, वरच्या कोपऱ्यात १६ जानेवारी २००४ अशी तारीख, इयत्ता नववी, आणि त्याखाली पट जितका तितकेच हजर. एकही पोरगं गैरहजर नाही. तापानं फणफणलेली समीक्षासुद्धा स्वेटर घालून पहिल्या बाकावर आणून बसवलेली. शर्ट जैतूचा नव्हता. काखेत दुसऱ्याच कुणाचा तरी घाम वाळून कडक झाला होता, आणि आता जैतूला स्वतःला घाम फुटल्यावर तो जुना घामही ओला होऊन वर येत होता, दोघांचा मिळून एक वास.

खिडकीतून डोळखांबच्या डोंगराकडचा गार वारा येत होता आणि तरी घाम. भीतीचा नव्हता तो. या इमारतीची भीती वर्षभरात कुठल्या कुठं गेली होती. उरली होती ती नुसती किळस, टोपाच्या बुडाला धरलेल्या करपीसारखी, कितीही घासली तरी न निघणारी. वर्षापूर्वी, आठवीत असताना, जैतू ही शाळा सोडून गेला होता. कुणाशी भांडून नाही, कुणाला सांगूनही नाही. एका सकाळी पाड्यावरून उतरताना ओढ्याच्या वळणावर त्याचे पाय शाळेच्या वाटेला न लागता गवत कापायला निघालेल्या माणसांच्या मागं गेले, आणि मग जातच राहिले. आता तो आटगावजवळच्या गवताच्या वखारीत होता. गवत रचायचं, यंत्राखाली दाबायचं, तारेनं आवळून गठडी करायची, गठडी ट्रकवर चढवायची. ट्रक मुंबईच्या तबेल्यांकडे जायचा. संध्याकाळी अंगभर कुसळं टोचायची, पण ती निदान अंघोळीबरोबर निघून जायची.

संक्रांतीला म्हणून तो घरी आला, आणि काल दुपारी विशे सर पाड्यावर हजर झाले.

कुंडलिक विशे सर. नववीचे वर्गशिक्षक, गणिताचे. मोटरसायकल ओढ्याशी लावून चढण चढून आले, धापा टाकत, रुमालानं मान पुसत, आणि थेट मेंगाळांच्या — म्हणजे आमच्याच — दारात उभे राहिले. आईनं, सावळीनं, अंगणातली कोंबडी हुसकावून घोंगडी टाकली. सर बसले. आईनं दिलेलं पाणी प्यायले, कोरा चहा प्यायले, कपाची कड तोंडाला लावण्याआधी अंगठ्यानं पुसून घेतली. आईला दिसलं नाही, मला दिसलं. मग म्हणाले, “जैतूला उद्या शाळेत पाठवा, बाई. खाली रस्त्यावर जीप येईल न्यायला.”

“गारी?” आई म्हणाली. “माझे पोरासाठी गारी धाडताव तुमी?”

तिचं तोंड असं झालं की जैतूनं मान फिरवली. बाप, धाऊ, दिवाळीनंतरच वीटभट्टीवर गेलेला, त्याला निरोप कसा पोचवायचा याची तिला लगेच काळजी लागली. पोराला शाळेनं परत बोलावलंय, सर स्वतः आलेत, चालत आलेत. तिनं सरांना जाताना वालाच्या शेंगा दिल्या. रात्री जैतूच्या डोक्यावर तेल थापलं, इतकं की ते कानामागून ओघळलं, आणि जैतूनं ते थापू दिलं. का थापू दिलंस? — कारण तुलाही वाटलं. कबूल कर. शाळा सोडली तेव्हा पहिला महिनाभर गवत कापता कापता तू दर थोड्या वेळानं कंबर सरळ करायचं निमित्त करून वाटेकडे बघायचास, कुणी येतंय का, विशे सर नाही तर शिपाई, नाही तर नुसता निरोप घेऊन एखादं पोरगं... कुणी आलं नाही. मग तू बघायचं सोडलंस. आणि काल, वर्षानं, ते आले तेव्हा तू लहान पोरासारखा हरखलास. त्याची तर सगळ्यात जास्त शिसारी येते.

सकाळी जीप आली. आत आधीच पोरं कोंबलेली होती, आणि एकेकाचं तोंड बघत गेल्यावर जैतूला सगळं उमगलं. सगळे सोडून गेलेले. वरच्या पाड्याचा कोंडू, ज्याचं गेल्या मे महिन्यात लग्न झालं; त्याला सरांनी मिशी काढून यायला सांगितलं होतं, आणि त्याच्या वरच्या ओठावरची ती ताजी पांढुरकी पट्टी इतकी उघडीनागडी दिसत होती की जैतूला तिच्याकडे बघवेना. कुणी खडी फोडणारा, कुणी सापगावच्या बाजूला बांधकामावर माल कालवणारा. कोंडूनं बिडी पायाखाली विझवली आणि म्हणाला, “टेन्शन नको घेव. एक दिवस बसाचा, रस्सा खायाचा, घरा जायाचा.”

“एक दिवस?”

“मंग? ठान्याचा सायेब येतंय पोरा मोजाला. पोरा कमी भरली त तुकडी बंद. तुकडी बंद त इशे सर बाहेर, पार तिकरं पालघर-जव्हारला नाय त घरा. म्हनून आपली वरात.”

मग हेही कळलं की आपण नववीत आहोत. आठवीची परीक्षा न देता जैतू पास होऊन वर गेला होता. कोंडू तर म्हणे बऱ्या मार्कांनी.

जीप गचके खात उतरत होती आणि जैतूच्या कानामागून तेल अजून ओघळत होतं. उडी मारून परत जाता आलं असतं. पण परत जाऊन आईला काय सांगायचं? ती वाटेवर उभी राहून जीप दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. वखारीत जायला निघायचा तेव्हा ती कधी अशी उभी राहत नसे, पाठमोरीच असायची, काहीतरी काम काढून. म्हणून जैतू जीपमध्ये बसून राहिला, आणि शाळेच्या मागच्या खोलीत कुणाकुणाचे मागून आणलेले शर्ट वाटले गेले तेव्हा त्यानं मुकाट्यानं हात पुढं केला.

आता मागच्या बाजूनं वास यायला लागला. ओल्या पिसांचा. उकळतं पाणी कोंबडीवर ओतलं की पिसांतून निघतो तो, थोडा शेणासारखा, थोडा जळक्या केसांसारखा, उबट... जैतूनं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली. साहेबांचं जेवण. म्हणजे आज दुसरं कुणीतरी तिथं पिसं उपटत बसलंय, आठवीतलं, पाड्यावरचंच. ती काही विचारून घ्यायची गोष्ट नव्हती.

कारण शाळेत कोण कुठं बसतं आणि कोण कशाला उठतं हे कुणी कधी ठरवलं नव्हतं आणि तरी ठरलेलं होतं. पाड्यावरची पोरं दाराजवळच्या बाकांवर. हाक मारली की पटकन उठता यावं म्हणून. टाकीत पाणी नाही, जैतू. पटांगणातलं गवत वाढलंय, जैतू. सरांची मोटरसायकल ओढ्यावरून धुऊन आण. विशे सर वाईट बोलायचे नाहीत, हात तर कधीच उगारला नाही. उलट खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, “जैतू, तू कामाला फार हुशार रे.” कामाला. एवढं ऐकायला तो सहावी-सातवीत धावायचा, खरंच धावायचा, बादली हिंदकळत. वर्गात त्याला कुणी प्रश्न विचारला नाही. उभा राहून चुकला असता, पोरं हसली असती, छडी बसली असती, तरी चाललं असतं. पण प्रश्नच आला नाही, वर्षानुवर्षं. सरांची नजर फळ्यावरून सुरू व्हायची, पहिल्या बाकावरच्या समीक्षा-प्रियांकावर थोडी थांबायची, मधल्या रांगेतल्या गावच्या पोरांवर फिरायची आणि दाराजवळ आली की बाहेर पटांगणात निघून जायची.

आणि मग ती कोंबडी. आठवीत, दिवाळीच्या सुट्टीनंतर, असेच कुणी पाहुणे यायचे होते. “तुमच्या पाड्यावर गावठी चांगली मिळते,” सर म्हणाले. आईनं तांबडी दिली, अंड्यावरची. शाळेला कोंबडी द्यायची म्हणजे देवाला दिल्यासारखं तिनं दिली, वर म्हणाली, “सरांना सांग, घरची हाये.” जैतूनं ती पाय बांधून, उलटी धरून दोन तास चालत आणली; ती अधूनमधून मान उचलून त्याच्या पोटरीला चोच लावायची, चावायला नव्हे, ओळखीनं. शाळेत पोचल्यावर शिपाई म्हणाला, “आनलीस ना, मंग सोल पन तूच.” सोलली. गरम पाणी ओतलं, पिसं उपटली, आतडी काढली, हात धुतले, पुन्हा धुतले आणि वर्गात गेला. तेव्हा समीक्षानं ओढणी नाकाला लावली. ती वाईट पोरगी नाही, तिला नसेल सहन झालं. पण मधल्या रांगेतून कुणीतरी क्वॉक केलं आणि अख्खा वर्ग फुटला आणि विशे सर — फळ्याकडे तोंड करून उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते. तेही हसत होते. त्या दिवसापासून तो कोंबड्या झाला. पाहुणे आले, जेवले, गेले. तांबडीचा रस्सा पोरांना मिळाला नाही, जैतूनं फक्त तिचा वास बोटांवर घरी नेला, आणि आईनं विचारलं, “आवारली का त्यांना?” तो म्हणाला, हो, आवडली त्यांना.

माणसं विचारतात, पोरं शाळा का सोडतात. वखारीतला मुकादम एकदा विचारत होता, “काय रे, मारायचे का? नापास झालास?” काय सांगायचं त्याला? की कुणी मारत नव्हतं म्हणून? की मला माझ्याच बोटांची घाण वाटायला लागली होती आणि ती फक्त त्या चार भिंतींत वाटायची, बाहेर नाही? जैतूनं सांगितलं, “डोक्यात शिरत नव्हता.” मुकादमाला पटलं. सगळ्यांनाच ते लगेच पटतं.

साहेब आले तेव्हा वर्ग खाडकन उभा राहिला. साहेब साधेच होते, पोट सुटलेले, कपाळावर चष्मा, मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, “चालू द्या तुमचं. मी बघतो.” विशे सरांनी फळा पुसला. खडू उचलला, पुन्हा ठेवला. मग त्यांनी टेबलावरच्या रद्दीतून एक-एक कागद सगळ्या बाकांवर वाटायला लावला.

“प्रत्येकानं एक त्रिकोण फाडा,” सर म्हणाले. “कसाही. शेजाऱ्यासारखा नको. वाकडा, उभट, चपटा, तुम्हाला आवडेल तसा.”

जैतूनं फाडला. एक टोक लांब, अणकुचीदार, दुसरं बोथट. मुद्दामच वेडावाकडा फाडला, रागानं.

“आता त्याचे तिन्ही कोपरे फाडून वेगळे करा. आणि तिघांची टोकं एका जागी टेकवा. शेजारी शेजारी, फट न ठेवता. काय होतंय?”

बाकाबाकांवर कागद सरकल्याचा आवाज. जैतूनं लांब टोक ठेवलं, त्याला बोथट लावलं, उरलेलं तिसरं बसवलं... आणि खाली एक सरळ कड तयार झाली. फूटपट्टीनं मारल्यासारखी. त्यानं शेजारी बसलेल्या हरेशकडे बघितलं — हरेश त्याच्याच पाड्यावरचा, त्याच्याच आडनावाचा, शाळेत टिकून राहिलेला. हरेशचा त्रिकोण अगदी वेगळा होता, बुटका. त्याचीही कड सरळ. पुढच्या बाकावर कोंडूची, मिशी काढलेल्या, लग्न झालेल्या कोंडूचीही सरळ. कोंडू कागदाकडे तोंड उघडं टाकून बघत होता.

“का होतं असं?” सर म्हणाले. आवाज निराळाच होता. जैतूनं तो कधी ऐकला नव्हता, खालचा, ओढून नेणारा, जसं काही सरांनाही ते आत्ताच दिसलं होतं. “तुमचे सगळ्यांचे त्रिकोण वेगळे. मग कड सगळ्यांची सरळ कशी? आपण एकमेकांना विचारून फाडले नव्हते. मग यांना कुणी सांगितलं?”

आणि ते चालत आले. दाराजवळच्या रांगेत. जैतूच्या बाकाशी वाकले, त्यांच्या शर्टाचा इस्त्रीचा वास आला, त्यांचं बोट कागदाच्या तुकड्यावर टेकलं. “हा बघा. यानं किती अवघड त्रिकोण घेतलाय. हा तर बसायलाच नको होता. आणि तरी बसला. जैतू, समज, हे टोक तू अजून लांब, अजून बारीक केलंस तर? काय होईल?”

जैतू उभा राहिला. “मंग... दुसरी दोन मोठी होतील, सर. तेवढीच. म्हंजे जेवढा हा कमी होल तेवढा ती भरून काढतील.”

“शाब्बास!” सर म्हणाले, आणि फळ्याकडे पळालेच, आकृती काढायला, शिरोबिंदूतून समांतर रेषा, बाण, खुणा, आणि जैतूला ती रेषा काढण्याआधीच दिसली, का काढायची तेही दिसलं, डोक्यातली कुठली तरी गाठ सुटत गेल्यासारखं... घंटा होऊच नये. क्षणभर त्याला पिसांचा वास आला नाही, शर्टाचा आला नाही, काहीच आलं नाही.

आणि मग ती किळस आली, ओकारी यावी तशी, तळापासून. याला शिकवता येतं.

याला शिकवता येत होतं! चार वर्षं. हे असं, वाकून, आवाज खाली आणून. ते सगळं याच्याकडे होतं आणि यानं ते नीट बांधून वर ठेवून दिलं होतं, साहेबासाठी. आमच्यापुढं पुस्तकातलं उदाहरण फळ्यावर उतरवायचं, ‘लिहून घ्या’ म्हणायचं आणि पाणी आणायला उठवायचं. सर मठ्ठ असते तर बरं झालं असतं. येत नसतं त्यांना तर माफ केलं असतं. वर्षभर जैतू स्वतःला एकच सांगत आला होता, की तिथं काही नव्हतंच, घाण होती नुसती, घाणीतून बाहेर पडलो, चांगलं झालं. त्यावर तर त्याचं सगळं उभं होतं, गठड्या उचलणं, हसणं, आटगावच्या टपरीवर चहा पिणं. त्यानं कागदाचे तिन्ही तुकडे मुठीत चुरगाळले आणि खाली टाकून पायानं दाबले.

“छान,” साहेब मागून म्हणाले आणि उठले. “हजेरी मीच घेतो.”

नावं सुरू झाली. हजर, हजर, हजर. सर खिडकीशी उभे, हात मागं बांधलेले.

“जैतू धाऊ मेंगाळ.”

“हजर साहेब!” — पण हा आवाज जैतूचा नव्हता. जैतूनं तोंड उघडलं होतं, शब्द ओठांवर होता, आणि शेजारून हरेशनं तो खणखणीत देऊन टाकला होता. आणि मागोमाग, थांबवता न आल्यानं, जैतूचाही बाहेर पडला. “हजर.”

साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “किती जैतू आहेत या वर्गात?”

विशे सर घाईघाईनं पुढं झाले, “साहेब, दोघंही मेंगाळ ना, एकाच पाड्यावरचे, आडनाव ऐकून तो गोंधळला, लाजाळू आहेत ही पोरं, साहेब समोर असले की...” आणि ते बोलत होते तेवढ्यात हरेश मान खाली घालून, ओठ न हलवता पुटपुटला, “सवय झाली रे. रोज मीच बोलतो ना तुजा.”

“रोज?”

“तू गेलास तवापासून. सरांनीच सांगलाय. भिंतीपलीकडं हेडसर ऐकतात ना, आवाज नाय आला की इचारतात. कोंडूचा त्याचे पाड्याचा आदेश बोलतो.”

म्हणजे मी गेलोच नव्हतो. ज्या महिन्यात मी कंबर सरळ करून करून वाटेकडे बघत होतो, त्या महिन्यात इथं रोज सकाळी मी हजर होतो. माझ्या जागेवर भोक पडलंच नव्हतं की कुणाला वारा लागावा. हरेशच्या, माझ्याबरोबर ओढ्यात चिंबोऱ्या धरणाऱ्या हरेशच्या तोंडून मी रोज शाळेत आलो, पाऊसपाण्यात, तापात, एकही दिवस न चुकता. इतका नियमित मी शाळेत असताना कधी नव्हतो.

“ऊठ रे,” साहेब म्हणाले. “तू खरा जैतू?”

“हो.”

“रोज येतोस का शाळेत?”

साहेबांना माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात ते सरळ दिसत होतं; या जिल्ह्यातल्या अशा किती वर्गांत त्यांनी किती जैतू उभे केले असतील. विशे सरांच्या कपाळावर घाम आला होता, त्यांचे डोळे जैतूवर, पहिल्यांदाच असे, पाणी मागायला आल्यासारखे. ‘नाय’ म्हणावं. एक शब्द. ‘नाय साहेब, मी वखारीत असतो, हा शर्ट पण माझा नाय.’ मग सर बाहेर. मग माझं नाव कटणार, आणि एकदा कटलं की या दारातून आत यायचा रस्ता कायमचा बंद. आणि ‘येतो’ म्हटलं तर? — तर मी रोज येतोच आहे की. जो येतोच आहे त्याला बोलवायला पाड्यावर कोण चढणार? दोन्हीकडून तेच. आणि मला यायचं होतं. त्या समांतर रेषेच्या पुढं काय ते मला बघायचं होतं, इतकं की दात आवळले गेले.

“येतो, साहेब,” जैतू म्हणाला. स्वच्छ, पुस्तकी, सरांसारखा. स्वतःच्या जिभेची त्याला घाण आली.

“ठीक,” साहेब म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं. मागून रश्श्याचा घमघमाट यायला लागला होता आणि पुढची नावं त्यांनी फार भरभर घेतली.

शर्ट परत घेतले गेले. साहेब जेवले, त्यांची गाडी धूळ उडवत शहापूरकडे गेली, आणि उरलेला रस्सा-भात पाड्यावरच्या पोरांना मागच्या पडवीत वाढला. जैतूनं ठरवलं होतं खायचं नाही. खाल्लं. भूक होती, रस्सा झणझणीत होता, त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि प्रत्येक घासागणिक त्याला स्वतःचा तिटकारा वाढत गेला. कोंडूनं ढेकर दिली आणि बिडी काढली. “बोल्लो ना तुला,” तो म्हणाला.

विशे सर पडवीत आले. हलके झाले होते, तोंडावर दहा वर्षं कमी झाल्यासारखी; काडीनं दात कोरत प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत होते. जैतूच्याही ठेवला. “वाचवलंस रे आज. आणि उत्तर काय दिलंस! साहेब जेवताना विचारत होते, कोण तो मुलगा म्हणून.”

जैतूनं हात पँटला पुसले. वखारीत मुकादमाशी दोन हात करणारा जैतू इथं खाली बघूनच बोलला. “सर... ते पुढचा कवा शिकवनार? उद्या?”

“उद्या शनिवार, सकाळची शाळा,” सर म्हणाले. मग त्यांना समजलं. काडी थांबली. त्यांनी जैतूकडे बघितलं, आणि त्या बघण्यात कपट नव्हतं, हीच तर पंचाईत होती. खरीखुरी माया होती. “अरे, तू कशाला उद्या येतोस एवढ्या लांब? तुझा रोज बुडेल. इकडची काळजी करू नकोस तू. तुझं नाव आहे पटावर, मी ठेवतो.” खांदा थोपटून ते पुढच्या पोराकडे वळले.

घरी न्यायला जीप नव्हती. जैतू आणि हरेश चढण चढत होते, दुपार कलली होती, दोन्ही बाजूंना गवत कापून नेलेले माळ पिवळे, खुंटखुंट. मग हरेशनं, वाटेतला दगड टाळत, अगदी साध्या आवाजात विचारलं, “उद्यापासून कसा करायचा? तू येनार का? म्हंजे मी बोलू, का तू बोलशील?”

शाळेबद्दल त्याला स्वतःला काय करायचंय हे आजवर पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं आणि उत्तराची वाट बघत होतं. जैतूला हरेशला ढकलून द्यावंसं वाटलं. त्यानं किळस शोधली, जिच्यावर वर्षभर सगळं निभावलं होतं ती. पिसं आठवली, फळ्याकडे वळलेले हलणारे खांदे आठवले, कपाची पुसलेली कड आठवली. सगळं होतं जिथल्या तिथं, आणि तरी ते पुरेना. त्या सगळ्या घाणीच्या मधोमध एक चांगली गोष्ट ठेवलेली होती आणि ती त्यानं आता बघितली होती. ती कधी दिसलीच नसती तर सोमवारी पहाटे शिट्टी वाजवत वखारीत गेलो असतो मी.

“बघू,” तो म्हणाला.

“नाय, सांग ना. सर इचारतील.”

वर पाड्याच्या तोंडाशी आई उभी होती. हातातलं काम टाकून आलेली, कपाळावर आडवा हात धरून, दोघं नजरेच्या टप्प्यात आल्याबरोबर तिथूनच ओरडली, “आलास का रे? काय शिकवला आज?”

जैतू थांबला. खोटं सांगायचं ठरवूनच तो एवढी चढण चढला होता, शब्दही जुळवून ठेवले होते. आणि आता त्याच्या लक्षात आलं की खोटं सांगायची काही गरजच नाही, शिकवलं होतं, खरोखर शिकवलं होतं, आणि तिला ते सगळं पहिल्यापासून सांगायला तो आतून उतावीळ झालाय. ती ऐकेल, हरखेल, आणि उद्या पहाटे पुन्हा त्याच्या डोक्याला तेल लावायला बसेल. “थांब गो, येतो,” तो खालूनच म्हणाला, पण पाय उचलेनात.